देवाची हद्द

घोड नदी सह्याद्रीच्या ज्या धारेवर उगम पावते त्या धारेला लगटूनच, आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला, आहुपे हे महादेव कोळ्यांचे गाव वसले आहे आणि गावाशेजारी भैरवनाथाची राई आहे. मंचरहून घोडेगाव, घोडेगावाहून डिंभे, आणि तेथून डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसे घालीत चढत जाणारी सडक या गावापाशी येऊन थांबते. पुढे वाहनाचे काम उरत नाही आणि भातखाचरांच्या बांधांवरून, उघड्या कातळाच्या सपाटीवरून व राईच्या गर्द सावलीतून कोकणकड्यापर्यंत नेणारी पायवाट सुरू होते. वाट इतकी सौम्य आहे की गुडघे धरलेली आजी आणि दर दहा पावलांवर काहीतरी उचलून पाहणारी नात या दोघींनाही ती सारखीच मानवते. कड्याच्या काठी मात्र मुलांचा हात सोडू नये. दिवाळीनंतरच्या निवळलेल्या दिवसांत, पठारावर सोनकीची पिवळी फुले अद्याप पुरती सुकलेली नसताना, पुण्याकडची कुटुंबे दशम्यांचे डबे घेऊन इकडे येतात, मुलांना शेकरू दाखवितात आणि सायंकाळी डिंभ्याच्या काठावर पाणपक्षी पाहून घराकडे परततात. आम्हीही असेच गेलो होतो. त्या फेरीत जो प्रश्न मनात उभा राहिला आणि त्यानंतर पुष्कळ दिवस हलला नाही, तो धर्माचा प्रश्न आहे: एखादे रान देवाचे आहे असे माणूस म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय केलेले असते?

या डोंगरपट्ट्यातील रानाला दोन बंदोबस्त आहेत. एक सरकारचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे १९८५ साली, मुख्यत्वे शेकरूच्या रक्षणासाठी, भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे, आणि त्याला हद्दीचे दगड, नकाशे, नाकी व दंडाची कलमे ही सर्व शासकीय सामग्री लाभलेली आहे. दुसरा बंदोबस्त भैरवाचा. त्याला नकाशा नाही, पहारेकरी नाही, आणि तो कोणत्या साली अमलात आला याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. तरीही बांधावरून राईत शिरताना त्याची हद्द चुकवून कोणी पुढे जाऊ शकत नाही, कारण ती पायांनाच कळते. बाहेरची जमीन कोरडी आणि टणक झालेली असते, आत पाऊल पाचोळ्यात घोट्यापर्यंत रुतते. बाहेर ऊन डोळ्यांवर येते, आत अंजनी, जांभूळ, हिरडा आणि आंब्याच्या जुन्या खोडांवरून उतरता उतरता ते हिरवे होऊन जाते.

राईत थोडे आत गेल्यावर वाटेवर एक जांभळीचे झाड आडवे पडलेले होते. ते एखाद्या जुन्या वादळात पडले असावे, कारण त्याची साल जागोजागी सुटून खाली आली होती, उघड्या पडलेल्या लाकडावर अळंब्यांचे पांढरे थर एकावर एक चढले होते, बुंध्याच्या पोकळीत साचलेल्या मातीत अंजनीचे वीतभर रोप उभे होते आणि त्या रोपाच्या मुळाशी मुंग्यांची एक रांग आपले काही सामान आत वाहून नेत होती. लाकडाला बोट लावले तर ते भिजलेल्या भाकरीसारखे दाबले जाई. पावसाळ्याच्या अंधाऱ्या रात्री याच पट्ट्यातील कुजत्या लाकडांवर हिरवट उजेड फाकतो, तो अशाच अळंब्यांचा. माझे लक्ष मात्र पायवाटेकडे गेले. वाट झाडाला वळसा घालून गेली होती. आणि हे अशा मुलखात, जेथे पावसाळ्यापूर्वी चुलीसाठी मोळ्या रचून ठेवणे हा प्रत्येक घरातल्या बाईचा जिवावरचा उद्योग असतो, जेथे त्या एका खोडाने एखाद्या घराची पुष्कळ दिवसांची चूल पेटली असती!

आमच्यासोबत गावातले एक वृद्ध गृहस्थ वाट दाखवायला आले होते. मी खोडाकडे पाहत थांबलो हे पाहून ते एवढेच म्हणाले, "पडलं तरी त्याचंच हाय. आपून न्यायाचं नाय."

माझ्या नातीने लगेच विचारले, "आजोबा, पण नेलं तर काय होईल?"

त्यांनी काही क्षण विचार केला. "ते त्यालाच ठावं, पोरी. आजवर कोणी नेलं नाय, मंग मी कसं सांगू?"

हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. देवराईविषयी सुशिक्षित समाजात जी दोन मते प्रचलित आहेत, ती दोन्ही या उत्तरापुढे अपुरी पडतात. पहिले मत सुधारकी वळणाचे: अडाणी माणसाला देवाच्या कोपाची भीती घातली म्हणून रान राहिले, भीती हा काही धर्म नव्हे, आणि शिक्षणाचा प्रकाश पडला की ती जाणारच. दुसरे मत अलीकडचे आणि अधिक सहृदय आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे १९७० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील राई-राई पायांखाली घालून आले आणि १९७५ साली त्यांनी या रायांच्या रक्षणाची कळकळीची मागणी मांडली, तेव्हापासून आपल्याला कळले की सभोवारच्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या कित्येक वनस्पती केवळ देवाच्या या तुकड्यांत उरल्या आहेत. त्या दोघांचे ऋण महाराष्ट्राने कृतज्ञतेने मान्य करावे असेच आहे. परंतु त्यांच्या संशोधनाचा आधार घेऊन पुढे जो एक सोपा निष्कर्ष रूढ झाला, की पूर्वजांनी पाणी आणि वनस्पती राखण्याची ही चतुर योजना केली आणि लोकांनी ती पाळावी म्हणून तिच्यावर देवाचे नाव घातले, तो मला मान्य होत नाही. त्यात देव हे एक उपकरण ठरते आणि गावकरी हा एक फसविलेला किंवा फसविणारा मनुष्य ठरतो. त्या वृद्धाच्या बोलण्यात मात्र धमकी कोठेच नव्हती आणि फायद्याचा हिशेबही नव्हता. हे आपले नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि जे आपले नाही ते उचलल्यावर काय होते याचा अनुभव घेऊन पाहण्याची त्यांच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या गरज वाटली नव्हती.

मी भीती नाकारीत नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला भीतीचे ज्ञान आपल्यापेक्षा अधिक आहे. उसाच्या फडातून बिबट्या निघतो, माणिकडोहला पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, आणि कातरवेळी अंगणात खेळणाऱ्या मुलाला आई हाक मारते तेव्हा त्या हाकेत काय असते हे शहरातल्या माणसाला कल्पनेनेच जाणावे लागते. ज्या आयांची मुले गेली त्यांच्यापुढे सहजीवनाची तत्त्वे सांगू नयेत. तरीही याच डोंगरांतील माणसाने वाघाला वाघोबा म्हणून शेंदूर लावला, त्याच्या नावाचा दगड वेशीबाहेर उभा केला आणि वर्षातून एकदा त्याला नैवेद्य दाखविला. ज्याला भ्यावे त्याला आपल्या जगात एक जागा नेमून द्यावी, तो आहे हे मान्य करावे, आणि त्याच्या असण्यामुळे आपले वागणे आखून घ्यावे, असे भय आणि केवळ भ्याडपणा यांत फार अंतर आहे. दंडाच्या भीतीने थांबणारा माणूस पहारेकरी नजरेआड होताच पुढे सरकतो. राईत तर पहारेकरी कधी नव्हताच.

आपल्या शास्त्रात संन्यास घेणारा पुरुष हातात पाणी घेऊन सर्व भूतमात्राला अभय देतो: आजपासून माझ्याकडून कोणालाही भय नाही. ज्याला हे म्हणावयाचे त्याने घर सोडले पाहिजे, अग्नी सोडला पाहिजे, शेत आणि संसार सोडला पाहिजे, कारण चूल पेटविणारा आणि नांगर धरणारा मनुष्य प्रतिज्ञा कितीही मोठी करो, ती त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच मोडावी लागते. गृहस्थाश्रम आणि अहिंसा यांतील हे वैर आपल्या तत्त्वचिंतकांनी पुष्कळ चर्चिले आहे आणि बहुधा तडजोडीवर सोडून दिले आहे. आहुप्यासारख्या गावाने त्याला दिलेले उत्तर मात्र कोणत्या ग्रंथात मला आढळले नाही. येथे गाव घरातच राहिले, चूल पेटतीच राहिली, भाताचे खाचर दरसाल नांगरले गेले. परंतु आपल्या शिवाराचा एक भाग सर्वांनी मिळून बाजूला काढला आणि त्या भागापुरता सगळ्या गावाने संन्यास घेतला. तेथल्या झाडाला, पडलेल्या फांदीला, पाचोळ्यालाही आमच्याकडून भय नाही! ही प्रतिज्ञा एका माणसाची नसल्यामुळे ती त्या माणसाबरोबर संपली नाही. जन्मलेले प्रत्येक मूल ती घेऊनच वाढले. देव येथे कोणत्या रूपाने आहे असे मला कोणी विचारले तर मी शेंदूर लावलेल्या दगडाकडे बोट दाखवीन, कारण गावकरी तेच दाखवितात आणि त्यांचे दाखविणे खरे आहे; पण तो दगड ज्या हद्दीच्या मध्यावर बसला आहे ती हद्द, जेथे पोहोचल्यावर एका भुकेल्या गावाने 'माझे' म्हणणे थांबविले, ती मला त्या देवाची मूर्तीच वाटते.

यातून एक अडचण उभी राहते, आणि ती आमच्यासारख्या फिरायला येणाऱ्यांची आहे. त्याग आवाक्यातल्या वस्तूचाच करता येतो. ज्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती आणि घरी विझू घातलेली चूल होती, त्याने ते खोड सोडले तर तो त्याग. ज्याच्या घरी गॅसची शेगडी आहे त्याने न नेलेल्या जांभळीच्या लाकडाला काय मोल? आम्ही राईत हात जोडतो, मुलांना पाने तोडू देत नाही, वेष्टनाचे कागद पिशवीत परत नेतो आणि काही पुण्य केल्यासारखे समाधानाने घरी येतो. पण त्या शांत सावलीची किंमत आमच्या आधी दुसऱ्या कोणी, कित्येक पिढ्या, दररोज मोजली आहे. हे विसरले की निसर्गप्रेमातून एक विशेष प्रकारचा अन्याय जन्माला येतो. सरकारी अभयारण्याची योजना झाली तेव्हा रान राखणे ही गोष्ट गावाच्या हातून सरकारच्या हाती गेली आणि कालपर्यंत जो राखणदार होता तोच बाळहिरडा वेचताना, मोळी आणताना, गुरे चारताना संशयित ठरू लागला. हिरड्याचे कोवळे फळ वेचून, वाळवून विकणे हे जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातले वर्षाचे एक मुख्य रोख उत्पन्न आहे, आणि झाड न तोडता त्यावर जगण्याची ती एक जुनी, विवेकाची पद्धत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे कोसळली तेव्हा ज्यांचे नुकसान झाले ते हेच लोक. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा हक्क तत्त्वतः मान्य केला, हे चांगले झाले. परंतु हक्क मान्य होणे आणि विश्वास परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राईची व्यवस्था सर्वस्वी विश्वासावर उभी होती.

मालकीचा प्रश्न येथेच येतो. आपल्याकडील जुन्या राज्यकर्त्यांना झाडाचा धनी कोण हा विचार परका नव्हता. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना आंबा, फणस या झाडांना हात लावू देऊ नये असे बजावले आहे, आणि कारण काय दिले आहे? ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. येथे राज्यसत्तेने स्वतःच्या गरजेला घातलेली मर्यादा दिसते. मात्र ती रयतेच्या मालकीपुढे घातलेली मर्यादा आहे. राईचे झाड रयतेचेही नसते. पुढे इंग्रजी अमदानीत मोजणी आणि जमाबंदी झाली तेव्हा अशा कित्येक राया सरकारी रान किंवा महसुली पड म्हणून कागदावर चढल्या, कारण ज्या जमिनीचा धनी सारा भरीत नाही आणि कचेरीत हजर होत नाही ती जमीन सरकारजमा करण्यापलीकडे कारकुनाच्या दौतीत दुसरा उपाय नव्हता. देव कायद्याला अगदीच अपरिचित होता असे मात्र नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे असा निर्वाळा एका बंगाली घराण्याच्या दाव्यात दिला होता. तेथे प्रश्न देवळातल्या देवाचा होता. सबंध अरण्याला असे व्यक्तित्व देण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले आणि ते न्यूझीलंडमध्ये घडले: तूहोए लोकांच्या ते उरेवेरा या अरण्यावरील सरकारी मालकी तेथील संसदेने संपविली आणि ते अरण्य स्वतःचेच स्वतः धनी आहे असा कायदा केला. ही वार्ता आहुप्याच्या त्या वृद्धांना सांगितली असती तर त्यांना तिच्यात नवे काय आहे असा प्रश्न पडला असता असे मला वाटते.

आज राईला धोका नास्तिकापासून फारसा नाही. तो नव्या भक्तीपासून आहे, आणि हे लिहिताना मला क्लेश होतात. कित्येक ठिकाणी राईतला देव उघड्यावर, झाडाच्या मुळाशी, ऊन-पाऊस अंगावर घेत बसलेला असतो आणि त्याला छप्पर चालत नाही अशी गावाची श्रद्धा असते. मुंबईला नोकरीस गेलेली पोरे चार पैसे मिळवितात, त्यांना आपल्या देवाची ही स्थिती पाहवत नाही, वर्गणी जमते, सिमेंट आणि सळया येतात, त्या आणण्यासाठी रस्ता करावा लागतो, रस्त्यासाठी झाडे जातात, सभामंडपासाठी आणखी जातात, आणि अखेरीस फरशीवर बसलेल्या देवाच्या माथ्यावर स्लॅब येतो. या पोरांचा भाव खोटा नाही. उलट फार खरा आहे, म्हणून तर त्याला अडविणे कठीण. पण ज्या देवाचे ऐश्वर्यच हे होते की त्याच्या नावाने कोणी काही घेतले नाही, त्याला आता त्याच्याच रानातून घेतलेले अर्पण केले जाते. गावच्या वडीलधाऱ्यांनी कौल लावून भैरवालाच विचारावे, तुला मंडप हवा की राई, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.

परतीच्या वाटेवर डिंभ्याचा जलाशय लागतो. येथे प्रश्न अधिक अवघड होतो. घोड, कुकडी, मीना यांच्या खोऱ्यांतील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे कुकडी प्रकल्पाची. त्यांनी पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांना पाणी दिले आणि पश्चिमेकडच्या डोंगरी गावांचे तळ बुडविले. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी देवळे चिखलातून वर येतात. त्या ओसरत्या काठावर हिवाळ्यात शेकाट्या लांब तांबड्या पायांनी चिखल चाळीत असतात, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे पाण्यावर डुलत असतात, एखादी चक्रवाकाची केशरी जोडी उथळात उभी असते. आणि त्याच काठावर, पाणी जसजसे मागे सरते तसतशी, विस्थापित कोळी कुटुंबे गाळपेर जमिनीत आपले पीक घेतात. या कुटुंबांना जलाशयातील मासेमारीची सहकारी व्यवस्था आणि गाळपेरीचा हक्क मिळावा म्हणून कुसुम कर्णिक, आनंद कपूर आणि त्यांच्या 'शाश्वत' संस्थेने वर्षानुवर्षे काम केले, आणि २०१२ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला.

या पाण्याला देव कोण? ते अन्यायातून निर्माण झालेले आहे. त्याच्या काठी कोणी पिढ्यान्‌पिढ्या प्रतिज्ञा पाळलेली नाही. आणि पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केलेल्या २०१७ च्या नियमांतूनही पाटबंधाऱ्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. पक्षी मात्र हा भेद करीत नाहीत. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हाही गोदावरीवर इंग्रजी अमदानीत घातलेला बंधाराच. गाळ साचत गेला, लव्हाळी उगवली, पाखरे आली, आणि २०२० साली तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ झाला. म्हणजे माणसाने आपल्या सोयीसाठी केलेल्या वस्तूभोवतीही नंतर हद्द आखता येते. डिंभ्याच्या काठी ती आखावयाची झाली तर ज्यांनी या पाण्यासाठी एकदा घरदार दिले आहे त्यांनाच पुन्हा मागे सरकविण्याची ती हद्द नसावी, हे मात्र मी आग्रहाने म्हणेन. गाळपेरीतला माणूस आणि चिखलातला शेकाट्या पाणी उतरण्याची एकाच वेळी वाट पाहत असतात. त्या दोघांमध्ये तारेचे कुंपण घालणारा बंदोबस्त राईच्या जातीचा ठरणार नाही.

मग आमच्या आवाक्यात काय आहे? या प्रश्नाचे उत्तर मला आंबेगावात मिळाले नाही; ते शेजारच्या जुन्नरात मिळाले. शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील पुष्कळशी भिक्षूंच्या निवासाची आहेत: दगडी बाक असलेली एक खोली, बाहेर ओसरी, बाजूला कातळात खोदलेले पाण्याचे टाके. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मानमोडीवर दिलेल्या अशा टाक्याचा आणि मंडपाचा लेख ४६ व्या वर्षाचा आहे. आणि आडुथुम नावाच्या एका शक उपासकाच्या दानलेखात जमिनीची निवर्तने सांगताना करंज आणि वड या झाडांची नावे येतात. परदेशी वंशाचा तो मनुष्य जुन्नरच्या झाडांची नावे दगडात कोरवून गेला, याचे मला अपार कौतुक वाटते. या खोल्या मुख्यतः वर्षावासाच्या. विनयपिटकात वर्षावासाचा उगम सांगितला आहे तो असा की, भिक्षू पावसाळ्यातही चालत राहतात, कोवळे हिरवे गवत तुडवितात आणि बारीकसारीक जीव चिरडतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून एके जागी राहतात आणि हे मात्र हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली; तेव्हा बुद्धांनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम घातला. जिवंत झाडाला इजा करणे हा भिक्षूचा दोष ठरविणारा नियमही त्याच संहितेत आहे, आणि त्याच्या मुळाशी आपले घर तोडले गेले म्हणून बुद्धांकडे गाऱ्हाणे नेणाऱ्या एका वृक्षदेवतेची कथा आहे. जैन साधूंचा चातुर्मास आजही याच कारणाने पाळला जातो.

भैरवाच्या राईने जागेची हद्द आखली. जुन्नरच्या भिक्षूंनी काळाची आखली. आणि काळाची हद्द आमच्या आवाक्यात आहे, कारण आमच्यापाशी कुऱ्हाड नसली तरी पाय आहेत, वाहने आहेत, सुट्टीचे दिवस आहेत, आणि नेमक्या पावसाळ्यातच माळशेज, नाणेघाट आणि भीमाशंकरच्या वाटांवर लोटणारी आमची गर्दी आहे. आषाढ-श्रावणात कातळावरची माती पाण्याने फुगलेली असते, रोप मुळे धरीत असते, खेकडे आणि बेडूक वाटेवरच संसार मांडून असतात. त्या दिवसांत एक हजार पावले एका राईतून गेली तर पाचोळ्याखालचे जे वर्षभराचे काम आहे ते थांबते. धबधब्याखाली उभे राहण्याचा आनंद मोठा आहे, मला तो ठाऊक आहे आणि मुलांना तो हवाच असतो. म्हणूनच तो सोडण्याला काही अर्थ आहे. आमच्या घरात या विषयावर वाद झाला, सुनेने मुलांची बाजू घेतली आणि ती बाजू अगदीच चुकीची नव्हती: मुलांनी रान त्याच्या भरात पाहिलेच नाही तर त्यांना त्याची ओढ कशी लागावी? पुष्कळ बोलणे होऊन शेवटी असे ठरले की पावसाळ्यात गावच्या खाचराच्या बांधापर्यंत जावे, लावणी पाहावी, कोणी बोलावले तर चिखलात उतरून हातभारही लावावा, पण राईत आणि कड्याच्या सड्यावर पाऊल टाकू नये.

आहुप्याच्या राईतले पाणी घोडेत उतरते, घोड पुढे भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते; तेथे आषाढीला सुरू झालेला चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो. आमची सहकुटुंब फेरी आता त्या एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी असते.